ब्रेकबाईंचा रुंद मॉनिटर

शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या. शिकणारा घाबरला, गोंधळला, ब्रेक समजून भलतंच पेडल दाबून बसला, की दुसरा ब्रेक कामाला येतो. त्या गावात हा दुसरा ब्रेक वर्षानुवर्षं एकाच बाईंच्या पायाखाली होता, म्हणून त्यांचं नाव पडलं ब्रेकबाई. खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकालासुद्धा पगाराच्या दिवशीच आठवायचं.

गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच गाडी शिकवली होती. नर्सला, न्हाव्याला, शाळेच्या मुख्याध्यापिकेला. नवऱ्याकडून गाडी शिकायला गेलेल्या आणि आठवड्याभरात भांडून, रडून परत आलेल्या कितीतरी बायकांना. कुणी चौकात गाडी बंद पाडली आणि मागून हॉर्नचा गदारोळ उठला, तरी बाईंचा आवाज चढत नसे. "वाजवू देत. त्यांना घाई आहे, आपल्याला नाही. क्लच दाबा. आता सावकाश," एवढंच त्या म्हणत. उजवा पाय मात्र सदैव जागा असायचा. घरी जेवायला बसल्यावरही तो टेबलाखाली फरशी दाबत राही. त्यांचे यजमान गावातल्या दंतवैद्यांना कवळ्या करून द्यायचे, लोक त्यांना दातवाले म्हणत. ते म्हणायचे, "अगं, पाय सोड. आमटी आपोआप थांबते."

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. सगळा जन्म गाडीत काढून बाई कधी जोरात गेल्याच नव्हत्या. शिकवणीची गाडी तिसऱ्या गियरच्या पुढे जात नाही. दुसऱ्याचा हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याची धडधड आणि आपला पाय ब्रेकवर. आपल्याला वेग आवडतो की नाही, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

मग डोळा गेला. सकाळी दात घासताना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून कुणीतरी काळा पडदा ओढत आणावा तसं झालं. बाईंना वाटलं, झोप नीट झाली नसेल. उभ्या दिवसाच्या शिकवण्या त्यांनी तशाच उरकल्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं. डोळा जागेवर राहिला, नजर राहिली नाही. परवान्याच्या कार्यालयाने दुसऱ्यांना शिकवायची परवानगी काढून घेतली. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने मान राखून त्यांना काउंटरवर बसवलं. मान राखून माणसाला अडगळीत कसं टाकतात, ते बाईंना तिथे कळलं. वाहतुकीच्या चिन्हांच्या पुस्तिका द्यायच्या, फोन घ्यायचा, आणि आपल्या जागी आलेला तरुण शिक्षक गाडीत बसून मोबाइल बघतोय हे खिडकीतून पाहायचं.

एका डोळ्याने जग चपटं झालं होतं. चहा कपाऐवजी बशीत पडायचा. पायरी असेल तिथे पाय अडखळायचा आणि नसेल तिथे उगाच उचलला जायचा. बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. बशीतला चहा बशीतूनच पिऊन टाकला.

स्कूलमध्ये एका कोपऱ्यात घाबरट विद्यार्थ्यांसाठी घेतलेलं एक यंत्र होतं. पडदा, स्टिअरिंग, तीन पेडल. पडद्यावर एक रस्ता आणि त्यावर एकुलती एक कंटाळवाणी गाडी. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि मालक जेवायला गेला होता. बाई सहज त्यावर जाऊन बसल्या. पहिल्याच वळणाआधी पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि गाडी नेमकी हवी तिथे मंदावली. दुसरं वळण. तिसरं. पुढच्या ट्रकपासूनचं अंतर अचूक. त्या थांबल्या, विचारात पडल्या आणि मग एकट्याच हसायला लागल्या. पडदा मुळातच सपाट! दोन डोळेवाल्यालाही तिथे सपाटच दिसणार. ट्रक मोठा होत गेला की जवळ आला, रस्त्याच्या कडा अरुंद झाल्या की वळण आलं, हे जसं त्याने ओळखायचं तसंच त्यांनीही. खऱ्या रस्त्यावर त्या एका डोळ्याच्या होत्या. इथे सगळेच एका डोळ्याचे होते.

त्याच दिवशी त्यांनी घरी जाऊन लेकीचा जुना कॉम्प्युटर चालू केला.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहत होती. तिची खोली जशीच्या तशी ठेवलेली होती. पलंग, अभ्यासाचं टेबल, भिंतीवर कॉलेजातले फोटो आणि टेबलावर तो कॉम्प्युटर, चौकोनी मॉनिटरचा, चालू होताना लिफ्टसारखा आवाज करणारा. बाईंनी एका जुन्या विद्यार्थ्याकडून वापरलेलं स्टिअरिंग आणि पेडल आणली, शर्यतीचा एक खेळ घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी भिंतीवर गाडी आपटून आपटून घामाघूम झाल्या. दातवाले दारात येऊन उभे राहिले.

"काय चाललंय?"

"चौथा गियर," बाई म्हणाल्या.

दातवाल्यांनी मान डोलावली आणि ते कवळीला पॉलिश करायला निघून गेले. बायकोचा असा आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

बाईंना वेग आवडत होता. साधासुधा नाही, जिभेला चटक लागावी तसा. पण त्याहून आवडत होतं ते वेग कमी करणं. शर्यतीत जो तो जोरात पळायला बघतो, आणि शर्यत हातची जाते ती बहुतेक वळणाआधी, चुकीच्या जागी ब्रेक दाबल्यामुळे. बाईंचा पाय तर त्याच कामात मुरलेला. हळूहळू त्यांना जमायला लागलं. मग त्यांना कळलं की रविवारी सकाळी एक लीग चालते. वीस-बावीस जण आपापल्या घरून इंटरनेटवर जमतात आणि शर्यत लावतात. बाईंनी नाव नोंदवलं. खेळाडूचं नाव काय, असं विचारलं होतं तिथे त्यांनी लिहिलं, ब्रेकबाई. माइक घेतला नव्हता. बाकीचे बोलायचे, त्या ऐकायच्या आणि फार तर 'हो', 'नाही', 'सॉरी' एवढं टाइप करायच्या.

अडचण कॉम्प्युटरची होती. एकटीने खेळताना तो कसाबसा ओढायचा, पण वीस गाड्या एकदम समोर आल्या की त्याचा जीव घाबरा व्हायचा. नेमक्या वळणावर चित्र गोठायचं. पापणी लवेस्तोवर पुन्हा चालू व्हायचं, तोवर बाईंची गाडी भिंतीत आणि सोबत आणखी दोघांच्या. त्यात चौकोनी मॉनिटरवर शेजारून आलेली गाडी दिसायचीच नाही. आपली बाजू मोकळी आहे असं समजून बाई वळायच्या आणि कुणाच्या तरी गाडीच्या दारात घुसायच्या. चौथ्या रविवारी लीग चालवणाऱ्याने, ज्याला सगळे कप्तान म्हणत, सर्वांसमोर सुनावलं.

"ब्रेकबाई, भावा, तुझ्या मशीनचं काहीतरी कर. मधेच अडकतोस आणि मग कुठूनही उगवतोस. तुझ्यामुळे आज तिघांची शर्यत बरबाद झाली. मशीन बदलेपर्यंत येऊ नकोस."

मागून कुणीतरी म्हणालं, "ब्रेकबाई कसला, चालती-बोलती भिंत आहे तो!" आणि हशा पिकला.

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. कान तापले होते. इतक्या वर्षांत, इतक्या नवशिक्यांबरोबर, गाडीला एक ओरखडा आला नव्हता आणि ही पोरं आपल्याला भिंत म्हणतात. त्या तरातरा दातवाल्यांच्या खोलीत गेल्या. दातवाले मेणाच्या हिरड्यांत दात बसवत होते.

"मला काढून टाकलं," बाई म्हणाल्या. "मशीन जुनं आहे म्हणून."

"मग मशीन बदल की," दातवाले मान वर न करता म्हणाले.

"तुम्ही म्हणालात हं. लक्षात ठेवा."

दातवाल्यांनी आता मान वर केली. "अगं, मी आपला बोलण्याच्या ओघात..."

पण बाई खोलीतून निघूनही गेल्या होत्या.

ही बातमी लेकीला फोनवर कळली आणि शनिवारी ती बॅग घेऊन दारात हजर झाली. चहा होईपर्यंत तिने दम धरला.

"आई, एक डोळा गेलाय तुझा. एक. उरलेला एक आहे. आणि तू तो स्क्रीनसमोर जाळणार? तेही गाड्यांच्या खेळासाठी? अगं, वय काय तुझं?"

"वयाचा डोळ्याशी संबंध की खेळाशी? एकदा काय ते ठरव, म्हणजे उत्तर देते."

"चेष्टा नको करूस. तुला विरंगुळाच हवा असेल तर गाणी ऐक, फिरायला जा, बाबांना मदत कर."

"मी दात करू?"

"आई!"

"विरंगुळा नकोय मला," बाई म्हणाल्या. "विरंगुळा म्हणजे वेळ कसा जाईल ते बघणं. माझा वेळ उत्तम चाललाय. मला शर्यत हवीय."

लेकीने बापाकडे पाहिलं. बापाने बिस्किटाकडे पाहिलं.

शेवटी असं ठरलं की डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. लेकीला खात्री होती की डॉक्टर आपल्या बाजूने बोलतील. बाईंना कसलीच खात्री नव्हती, पण त्या तयार झाल्या. डॉक्टरबाईंनी उजवा डोळा नीट तपासला, दिवा मालवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"स्क्रीनने डोळा जात नाही," त्या म्हणाल्या. "थकतो, कोरडा पडतो. मधेमधे उठायचं, लांब बघायचं, पापण्या मिटायच्या. तपासणी चुकवायची नाही. आणि काळा पडदा किंवा ठिणग्यांसारखं काही दिसलं, तर त्याच क्षणी सगळं टाकून इकडे यायचं. मागच्या वेळेसारखं दुसऱ्या दिवशी नाही."

"म्हणजे खेळू नये असंच ना?" लेक म्हणाली.

"असं मी म्हटलेलं नाही."

"हासुद्धा जाईल का?" बाईंनी विचारलं. तो प्रश्न त्यांनी याआधी कधी विचारला नव्हता, घरात तर नाहीच.

डॉक्टरबाईंनी उत्तर सजवलं नाही. "एकाचं झालं की दुसऱ्याची शक्यता थोडी वाढते. जाईल असं नाही. जाणार नाही असंही सांगू शकत नाही."

बाहेर पडून दोघी रिक्षात बसल्या. घर जवळ आल्यावर लेक म्हणाली, "ऐकलंस ना? म्हणून म्हणते, जप त्याला."

"जपून काय करू?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. "मखमलीच्या डबीत ठेवू? उद्या गेला तर गेला. पण तो असताना मी काय पाहिलं, तर काउंटरचं लाकूड आणि मालकाचं कॅलेंडर, असं व्हायला नकोय मला. डोळा माझा आहे. तो कशावर खर्च करायचा ते मी ठरवणार."

लेक त्या रात्रीच्या गाडीने परत गेली. निरोप घेताना दोघीही नीट बोलल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी बाई दुकानात गेल्या. काउंटरवरचा विक्रेता गोड बोलणारा होता. "या काकू. नातवासाठी बघताय का?"

"नाही."

"मग घरी वापरायला? फोटो, व्हिडिओ कॉल, थोडंफार लिखाण..."

"शर्यतीसाठी," बाई म्हणाल्या. "वीस गाड्या एका वेळी आणि चित्र अडकता कामा नये. आणि मॉनिटर रुंद हवा. शेजारी आलेली गाडी मला दिसली पाहिजे."

विक्रेत्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते त्याने आवरलं आणि मग त्याला खरंच उत्साह चढला. त्यातलं बाईंना फारसं कळत नव्हतं आणि त्यांनी कळल्याचा आवही आणला नाही. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे त्यांनी दोनदा विचारलं. त्यानेही दोनदा सांगितलं. "जुन्या कॉम्प्युटरमध्ये एकच माणूस स्वयंपाकही करतो आणि वाढायलाही धावतो. हे कार्ड म्हणजे फक्त वाढायला ठेवलेला वेगळा माणूस. पंगत कितीही मोठी असो, पान रिकामं राहत नाही." हे बाईंना पटलं.

मॉनिटर पाहून मात्र त्या जवळ सरकल्या. दोन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवावेत इतका तो रुंद होता आणि दोन्ही टोकं किंचित आत वळलेली. "बसून बघू?" त्या म्हणाल्या.

"बघा ना, हा व्हिडिओ लावतो..."

"व्हिडिओ नाही. चालवून बघते. गाडी घेताना माणूस चालवून बघतो की नाही?"

विक्रेत्याने आतून स्टिअरिंग आणलं. बाई बसल्या, चष्मा नीट केला आणि निघाल्या. पहिल्याच वळणावर त्या इतक्या वाईट आपटल्या की गाडी तीन कोलांट्या खाऊन उलटी पडली. मागे दोन-चार गिऱ्हाइकं जमली होती, त्यातला एक जण फिसकन हसला. बाईंनी मागे वळून पाहिलं. "हसून झालं की सांगा. मी थांबते." त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. मॉनिटर दोन्ही हातांनी धरून उजवीकडे सरकवला. विक्रेता पुढे आला. "काकू, तो मधोमध हवा. तसाच बनवलेला असतो."

"तुमच्यासाठी मधोमध. मला डावीकडचं दिसत नाही. मग सगळा रस्ता उजवीकडे आणायला नको?"

त्या पुन्हा निघाल्या. या वेळी डाव्या टोकाला एक निळी गाडी हळूच वर सरकताना त्यांना दिसली. तिचं पुढचं चाक, मग दार, मग आरसा. किती तरी दिवसांनी बाईंना त्यांच्या डाव्या बाजूला काय आहे ते मान न वळवता दिसत होतं. त्यांनी निळ्या गाडीला जागा दिली, वळण घेतलं आणि पुढच्या सरळ रस्त्यावर तिला मागे टाकलं. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "हाच. बांधा."

खरी कटकट घरी झाली. अभ्यासाच्या टेबलावर मॉनिटर बसेना. एक टोक कपाटावर आपटायचं, दुसरं पलंगाच्या वर अधांतरी यायचं. दातवाल्यांनी सुचवलं की हॉलमध्ये लावू. हॉलमध्ये उन्हाची तिरीप सरळ पडद्यावर येत होती. दातवाल्यांची कामाची खोली मागावी तर तिथे गावभरचे दात वाळत पडलेले. बाई लेकीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. पलंगावर स्वच्छ चादर होती. दर महिन्याला त्या ती बदलायच्या, कुणी झोपो न झोपो.

"पलंग काढू या," त्या म्हणाल्या.

दातवाले दचकले. "तिला विचार आधी."

"विचारत नाही, कळवते."

त्यांनी फोन लावला. लेक म्हणाली, "माझी खोली आहे ती, आई."

"होती. तू गेलीस तेव्हा मी या खोलीत बसून रडलेय, तुला सांगितलं नाही. मग रोज झाडत राहिले. आता कंटाळा आला झाडायचा. तू आलीस की हॉलमध्ये गादी घालीन, चांगली जाड. फोटो ठेवते भिंतीवर. पण खोली आता मी घेतेय."

"म्हणजे गाड्यांचा खेळ माझ्यापेक्षा मोठा."

"तसं म्हणालीस तर भांडण होईल आणि मी भांडेन," बाई म्हणाल्या. "तुझी जागा घरात आहे. फक्त ती आता एक अख्खी खोली नाही. तुझ्या वयात मी तुझ्यासाठी माझी खोली सोडली होती, आठवतं? नाही आठवणार. तू तान्ही होतीस."

लेकीने फोन ठेवला. पण पलंग गेला. नव्या टेबलासाठी दातवाल्यांनी स्वतः फळी कापून आणली. पेडल गुळगुळीत फरशीवर घसरत होती, तेव्हा त्यांनीच भिंतीला टेकवून एक जाड पट्टी ठोकली. "कवळीसुद्धा नीट बसली नाही तर चावता येत नाही," ते गुडघ्यावर बसून म्हणाले. त्यांचा पाठिंबा असा, हातोडीतून आला. तोंडाने ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, "मी आपला ओघात बोललो होतो."

बाईंनी कप्तानला लिहिलं, 'मशीन बदललं. येते रविवारी.' लिहिताना 'येते' असं लिहिलं गेलं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. कप्तानच्याही आलं नाही.

त्या रविवारी चित्र एकदाही अडकलं नाही. सुरुवातीच्या गर्दीत बाई अगदी शेवटून निघाल्या, कारण त्यांना शेवटच्या रांगेत टाकलं होतं. पहिल्याच वळणावर पुढे चार जण एकमेकांत घुसले. बाईंना ते आधीच दिसलं, उजवीकडून जागा होती, त्या निसटल्या. मग त्या एकेकाला गाठू लागल्या. त्यांची सरळ रस्त्यावर काही मोठी घोडदौड नव्हती, पोरं त्यांच्याहून जलद होती. पण वळण आलं की पोरं घाबरून लवकर ब्रेक मारत किंवा चेव येऊन उशिरा. बाई नेमक्या जागी मारत, प्रत्येक फेरीला त्याच जागी. एक जण मुद्दाम दोनदा त्यांच्या दारावर घासला. तोच तो, भिंत म्हणणारा. तिसऱ्यांदा तो डावीकडून आला तेव्हा बाईंनी त्याला येताना पाहिलं होतं. त्या सरकल्या नाहीत, धडकल्याही नाहीत. आपली वाट धरून राहिल्या. जागा नव्हती तिथे तो शिरायला गेला आणि एकटाच गवतात गेला.

बाई सहाव्या आल्या. हेडफोनमध्ये कलकलाट उठला. "ब्रेकबाई, भावा, काय चालवलीस!" कप्तान ओरडला. "माइक घे की लेका एकदा! कोण आहेस तू?"

नव्या हेडफोनला माइक होता. बाईंनी तो तोंडासमोर ओढला. घसा खाकरला. "मी ब्रेकबाई," त्या म्हणाल्या. "गाडी शिकवायचे."

कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न चुकून वाजला.

"तुम्ही..." कप्तानचा आवाज अडखळला. "तुम्ही बाई आहात?"

"नावातच आहे की."

मग जे हसू फुटलं त्यात बाईही होत्या. गवतात गेलेल्याने माफी मागितली, आधी शर्यतीबद्दल, मग भिंतीबद्दल. इथवर सगळं छान होतं. पण पुढच्या रविवारी बाई आल्या आणि त्यांना चाहूल लागली की काहीतरी बिघडलंय. सगळे एकदम 'अहो-जाहो' करायला लागले होते. "या काकू, बसा." "काकू, तुम्ही आरामात चालवा, आम्ही सांभाळून घेतो." मालकानेही असाच मान राखला होता.

शर्यत सुरू झाली. अर्ध्यावर त्या एका जांभळ्या गाडीच्या मागे पोहोचल्या. तीच ती, गवतात गेलेल्याची. सरळ रस्त्यावर त्याने अचानक वेग कमी केला, बाजूला झाला आणि म्हणाला, "जा काकू, पुढे जा."

बाईंनी ब्रेक मारला.

भर शर्यतीत, मोकळ्या रस्त्यावर, पुढे कुणी नसताना. जांभळी गाडी रांगत होती, बाई तिच्याही मागे रांगायला लागल्या. मागून आलेले दोघे हॉर्न देत शेजारून निघून गेले.

"काकू, काय झालं? अडकलं का मशीन?"

"मशीन नवं आहे, अडकत नाही," बाई माइकमध्ये म्हणाल्या. "दिलेली जागा मी घेत नाही. तू शर्यत लाव, मग मी जाते. नाहीतर संध्याकाळपर्यंत इथेच उभी राहीन. मला सवय आहे, मागून कितीही वाजवू देत."

"अहो, पण मी मानाने..."

"मान नको. आणि 'अहो'पण नको. मागच्या आठवड्यापर्यंत मला 'तू' म्हणत होतास, धडक मारत होतास आणि मी तुला हरवलं. तेच चालू ठेव. कप्तान, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," कप्तान म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "ब्रेकबाई, तू नियम मोडतेयस. ट्रॅकवर थांबायला दंड आहे."

"लाव दंड."

दंड लागला. जांभळ्या गाडीवाल्याने एक मोठा श्वास सोडलेला सगळ्यांनी ऐकला. "बरं," तो म्हणाला. "मग बघ आता." आणि तो सुटला.

पुढच्या फेऱ्यांत त्याने बाईंना जराही दयामाया दाखवली नाही. दोनदा त्या वळणाच्या आतल्या बाजूने त्याच्या पुढे गेल्या, दोनदा त्याने जागा परत मिळवली. शेवटच्या वळणाला बाईंनी पहिल्यांदाच ब्रेक उशिरा मारला, त्यांच्या नेहमीच्या जागेपेक्षा कितीतरी पुढे. गाडी घसरली, खडीत गेली आणि दंड धरून त्या शेवटून दुसऱ्या आल्या.

हेडफोन काढून त्या उठल्या. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे खिडकीशी उभ्या राहून लांब बघितलं, पापण्या मिटल्या, उघडल्या. दार ढकलून त्या हॉलमध्ये आल्या. तिथे जाड गादीवर लेक बसली होती. सकाळीच आली होती आणि अजून खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. सगळं तिने भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

"कितवी आलीस?" तिने रागातच विचारलं.

"शेवटून दुसरी," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि उजवा डोळा चमकत होता. "काय हाणलंय त्याने मला! सरळ हरवलं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने दातवाल्यांकडे पाहिलं. ते दारात हातात कवळी घेऊन उभे होते आणि दातांपेक्षा जास्त हसत होते.

"माझ्याकडे बघू नकोस," ते म्हणाले. "मी आपला ओघात बोललो होतो."

"बाबा, तुम्ही गप्प बसा," लेक म्हणाली. ती उठली आणि खोलीच्या दारापर्यंत गेली. तो अवाढव्य, एका बाजूला सरकवलेला मॉनिटर तिने पहिल्यांदा पाहिला. "आणि हा असा वाकडा का लावलाय? मधोमध का नाही?"

"मला तसाच हवाय," बाई म्हणाल्या आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या.